न्यायदंडाधिकारी की तहसीलदार?

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भाचीचा प्रश्न: "मामा, मॅजिस्ट्रेट दोघंही, मग होऊ कोण?" क्लासवाल्यांची पोस्टरं बाजूला ठेवून सांगितलं.

पात्रता: राज्यसेवेतून तहसीलदार व्हायला कुठलीही पदवी चालते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कायद्याची पदवी हवी, शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालानुसार किमान 3 वर्षं वकिली. परीक्षा दोन्हींची एमपीएससीच घेते.

अधिकारात खरा फरक. न्यायदंडाधिकारी खटला चालवतो, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सुनावू शकतो, अटकेतल्या माणसाला कोठडी की जामीन हे ठरवतो. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी. शांतता राखण्यासाठी बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, घेतो, पण गुन्ह्याची शिक्षा देत नाही. त्याचा बहुतेक दिवस सातबाऱ्याच्या फेरफारात, वाळूच्या गाड्यांमागे आणि निवडणुकीत जातो!

दिनक्रम: न्यायदंडाधिकाऱ्याला रात्री घरी निकालपत्रं लिहायची आणि गावात चार हात लांब राहायचं. लग्नाच्या पंगतीतही कोण शेजारी बसलंय ते बघावं लागतं. तहसीलदाराला मात्र माणसांच्या गराड्यातच राहावं लागतं, आणि पुढाऱ्यांचे फोन वेगळे.

बदल्या दोघांनाही.

वाचन, एकांत, पुरावा तोलणं आवडत असेल तर कोर्ट. फिरणं, धावपळ, लगेच दिसणारं काम हवं असेल तर तहसील. भाचीला गर्दीचा कंटाळा आहे. तिने आधी वकिलीची सनद घ्यावी.