जुन्या कपड्यांवरच वर्ष काढलं: काय टिकलं, काय नाही

मागच्या दसऱ्याच्या आसपास घरात ठरलं की माझ्या कपड्यांचा वर्षाचा खर्च 3000 च्या वर जाऊ द्यायचा नाही. मी नांदेडला एका दवाखान्याच्या काउंटरवर काम करते. दिवसभर लोकांसमोर बसायचं असतं, त्यामुळे चार कपडे बरे लागतातच. आता पोळा झाला, म्हणजे बोलण्याइतका वापर झालाय.

निकाल आधीच सांगते. सगळ्यात जास्त वसूल झाले ते अल्टरवाल्याला दिलेले पैसे. कपाटात पडून असलेले बहुतेक कुर्ते फाटलेले नव्हतेच, काखेत काचत होते नाहीतर कमरेत पोत्यासारखे लोंबत होते. एका कुर्त्याची साईड मारायला 50-60 रुपये पडले आणि तोच कुर्ता आठवड्याला अंगावर यायला लागला. पण देण्याआधी कपडा उलटा करून शिवणीत दाब, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते बघाच. टेलरकडून शिवलेल्या ड्रेसला इंच-दीड इंच कापड आत सोडलेलं असतं, तो सैल होतो. रेडीमेडला ओव्हरलॉक (कडेचे सूत सुटू नये म्हणून मशीनची वीण) मारून कापड तिथंच कापलेलं असतं, तो फक्त घट्ट करता येतो. खांदा उतरत असेल तर नाद सोडा. बाही उसवून परत बसवायची शिलाई जवळपास नव्या कुर्त्याइतकी सांगतात.

सैल केलेल्या कपड्याची आणखी एक गंमत आहे. आत दडलेलं कापड उन्हा-धुण्यातून वाचलेलं असतं, त्याचा रंग ताजा राहतो. माझ्या जांभळ्या कुर्त्याला दोन्ही बाजूंनी बोटभर गडद पट्टी आलीय आणि जुन्या टाक्यांची भोकंही रांगेत दिसतात. ओढणीखाली झाकतं म्हणून चालवून घेतलं.

दुसरा प्रयोग सासूबाईंच्या सुती इरकल साड्यांचा. साडी साडेपाच मीटर आणि कुर्त्याला अडीच, म्हणजे कागदावर दोन कुर्ते. पण जुन्या साडीचं गणित असं सरळ नसतं. साडी दारात उजेडाकडे धरली की कळतं, निऱ्यांचा भाग आणि बसायची जागा जाळीसारखी विरलेली असते. कमरेला आत गुंडाळला जाणारा भाग आणि पदर मात्र धड निघतो. आमच्या आज्या लुगड्याला दंड घालायच्या ते याच हिशेबानं. मधला विरलेला भाग काढून दोन धड तुकडे जोडायच्या आणि लुगडं आणखी वापरात राहायचं.

मी दोन साड्यांतून दोनच कुर्ते काढले. एकाला काठ बाहीला आणि घेराला लावला, तो आजही लग्नकार्यात चालतो. दुसऱ्याची टेलरनं अंगाबरोबर फिटिंग केली आणि तो उन्हाळ्यातच काखेत गेला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, विरलेल्या कापडाला अस्तर लावलं म्हणून ते धड होत नसतंय." त्यामुळे जुन्या साडीचं काहीही शिवा, पण ऐसपैस शिवा. सुती अस्तर लावणार असाल तर ते रात्रभर भिजवून, वाळवून मगच टेलरला द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं. उरलेल्या तुकड्यांची वाकळ झाली.

घरी रंगवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुती कापडाच्या रंगाची पुडी, गरम पाणी आणि मीठ वापरून विटलेली काळी सलवार पुन्हा काळी झाली. पॉलिस्टर या रंगाला दाद देत नाही, म्हणून शिवणीचा दोराच तेवढा जुन्या रंगाचा राहिला. दर धुण्याला थोडा रंग जातो. वेगळी धुऊन, उलटी करून सावलीत वाळवली तर चार-सहा महिने निघतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, त्या उन्हात दिवसभर दोरीवर राहिलेला कुठलाच रंग माझ्याकडे टिकला नाही. आणखी एक, आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी कपड्यांना वापरायची इथं पद्धत आहे. बोअरच्या पाण्यापेक्षाही त्यात क्षार जास्त असतात. साबण फेसाळत नाही आणि पांढरे कपडे मळकट होतात. ते पाणी फरशीला ठीक आहे.

नवीन म्हणून एकच घेतलं, खादीचं कापड. गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारात सूट असते, तेव्हा. तिरंग्याची खादी आपल्या उदगीरला विणतात आणि झेंडे नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात, हे इथल्याच कितीतरी जणांना माहीत नसतं. कापड सुरुवातीला टोचतं, इस्त्रीला त्रास देतं, पण धुण्यागणिक मऊ होत गेलं. उन्हाळ्यात अंगाला याच्याइतकं बरं दुसरं काही लागलं नाही.

ऑनलाइन सेलचा एक टॉपही घेऊन बघितला. फोटोत सुती आणि हातात आलं ते सिंथेटिक. परत केला, विषय संपला.

हे करायचं असेल तर कपडे पितृपंधरवड्यातच टेलरकडे नेऊन टाका. त्या दिवसांत नवे कपडे कोणी शिवायला टाकत नाही, टेलर मोकळे असतात आणि दोन दिवसांत काम देतात. आपण जुनंच दुरुस्त करतोय म्हटल्यावर घरातलं कोणी नावंही ठेवत नाही. घटस्थापना झाली की तोच टेलर अल्टरचं नाव काढलं तरी "दिवाळीनंतर या ताई" म्हणतो.