नेब्युलायझर की पंप-स्पेसर? दम्यासाठी घरात आधी काय घ्यावं

रात्री दोन वाजता घरातल्या माणसाची छाती घरघरायला लागली, की आपण मनाशी ठरवतो, उद्या मशीन आणायचंच. मीही आईसाठी असंच घाईने नेब्युलायझर, म्हणजे पातळ औषधाचा बारीक फवारा करणारं मशीन, आणलं. त्या खर्चात तिचा रोजचा स्टेरॉइडचा पंप (इनहेलर) पुढच्या महिन्यावर गेला. मशीन दिवसातून तीनदा चालू होतं आणि धाप वाढतच होती. ती चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात आणि भोवतीचे स्नायू आवळले जातात. साल्ब्युटामॉलसारखं औषध स्नायू सैल करतं, त्याने लगेच बरं वाटतं. सूज उतरवतं ते स्टेरॉइड, आणि ते रोज घ्यावं लागतं. पंप असो वा मशीन, दोघांचं काम औषध छातीत पोचवणं एवढंच.

मग मशीनचं औषध ‘जास्त लागू पडतं’ असं का वाटतं? पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल असतं 100 मायक्रोग्रॅम, तर मशीनच्या नेहमीच्या एका कुपीत 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीसपट. त्यातलं बरंचसं मशीनच्या औषधाच्या कपात आणि हवेत वाया जातं, तरी दोन फवाऱ्यांशी तुलना केली तर मशीन जिंकणारच. दम्याच्या झटक्याच्या वेळी मात्र फवारे दोन नसतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या तासात दर 20 मिनिटांनी 4 ते 10 फवारे स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून, देतात (आपल्या माणसासाठी नेमके किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या). इतके दिले की सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसर मशीनच्या तोडीस तोड उतरतो. मुलांना औषधाने होणारी धडधडही मशीनपेक्षा स्पेसरने कमी होते.

स्पेसरशिवाय नुसता पंप दाबला तर फवारा वेगाने घशावर आदळतो. स्पेसरच्या नळीत त्याचा वेग मरतो, जाड कण मागे राहतात आणि बारीक कण सावकाश श्वासाबरोबर खाली उतरतात. एका वेळी एकच फवारा द्यायचा, पंप प्रत्येक वेळी हलवायचा, आणि स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता वाळवावा. पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

स्पेसरही परवडत नसेल तर? 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये दक्षिण आफ्रिकेतला एक अभ्यास आला होता. झटका आलेल्या मुलांना 500 मिलीलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीतून औषध दिलं. बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचं भोक पाडून सांधा पक्का बंद केलेला होता, आणि ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. बाटलीऐवजी थर्मोकोलचा कप वापरला तेव्हा मात्र फायदा बराच कमी झाला. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो.

नेब्युलायझर कुणी घ्यावा? हात थरथरतात, स्पेसर तोंडाशी नीट धरवत नाही, मास्कही जमत नाही, किंवा झटके इतके तीव्र येतात की डॉक्टरांनीच घरी ठेवायला सांगितलं आहे, त्यांनी. कॉम्प्रेसरचं मशीन आवाज करतं, पाच-दहा मिनिटं घेतं, पण टिकाऊ असतं. जाळीचं मशीन शांत आणि लहान, बॅटरीवरही चालतं, पण महाग, आणि जाळी तुंबते. अल्ट्रासॉनिक (ध्वनीच्या कंपनांनी फवारा करणाऱ्या) मशीनमध्ये ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड देऊ नये, ते नीट फवारलं जात नाही. कुठलंही घेतलंत तरी कप आणि मास्क धुणं-वाळवणं टाळता येत नाही, आणि औषध पातळ करायला नळाचं पाणी चालत नाही, निर्जंतुक सलाइनच लागतं. कुप्या, फिल्टर, नळी, मास्क यांचा खर्च मशीन घेतल्यानंतर सुरू होतो, तो आधी मांडून बघा. कॉम्प्रेसर वापरलेला मिळाला तर हरकत नाही, फक्त कप, नळी, मास्क आणि फिल्टर नवे घ्यावेत.

वाफारा देणारं भांडं म्हणजे नेब्युलायझर नव्हे. त्यातून औषध जात नाही, मुलं भाजतात मात्र. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आवळलेल्या नळ्या उघडत नाही, त्यामुळे नुसत्या दम्यासाठी तो सहसा लागत नाही. थोडे पैसे उरले तर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं साधन, घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा लिहिला, तर धाप लागण्याआधीच घसरण दिसू शकते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ते बरंच उशिरा सांगतो.

घरात मशीन असलं की ‘आणखी एकदा लावून बघू’ म्हणत रात्र निघून जाते, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा औषधाचा आराम तीन-चार तासही टिकत नसेल, तर रुग्णालय गाठा. वाटेत गाडीतही स्पेसरमधून फवारे देत राहता येतात.