स्टीम डेक की स्विच : चाळिशी लागलेल्या खेळाडूचा कौल

हातात धरून व्हिडिओ गेम खेळायची ही दोन्ही यंत्रं माझ्याकडे आहेत. स्टीम डेक ओलेड आधी आला, निन्टेंडो स्विचचं ओलेड मॉडेल नंतर. दर महिन्याला ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, 'यातलं कोणतं घेऊ?' फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथे नीट लिहितो. प्रोसेसर, मेमरी वगैरे तुम्ही पाहिलेलं असणार. त्यात शिरत नाही.

आधी माझी गरज सांगतो, कारण कौल तिच्यावरच ठरला. मी पुण्यात राहतो. आठवड्यातून एकदा कामासाठी मुंबईला जातो, सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने. जाऊन-येऊन सहा-साडेसहा तास हातात असतात. एरवी रात्री जेवणं आटोपली की अर्धा-पाऊण तास, तोही अंथरुणावर. वय ४६, आणि चाळिशी लागून तीन वर्षं झाली. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

पैशाचा विचार केला तर डेकच्या जवळपास दुसरं काही येत नाही. डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान आहे. तिथे किमती रुपयांत असतात, यूपीआयने पैसे भरता येतात, आणि सेलमध्ये जुने चांगले खेळ एका हॉटेलच्या बिलात येतात. त्यातून तुम्ही आधीपासून पीसीवर खेळत असाल तर वर्षानुवर्षं घेतलेली सगळी शिदोरी पहिल्याच दिवशी डेकवर हजर. रात्री लॅपटॉपवर जिथे थांबलो तिथूनच सकाळी गाडीत पुढे, सेव्ह आपोआप येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त घरच्या वायफायवर डेक एकदा चालू करून सेव्ह उतरू द्यायचा. कर्जतच्या अलीकडे घाटात बोगद्यांमागून बोगदे आले की रेंजचा भरवसा नाही. डेक विंडोजवर नाही, लिनक्स या प्रणालीवर चालतो आणि प्रोटॉन नावाच्या थरातून विंडोजचे खेळ चालवतो. माझे बहुतेक विनातक्रार चालले. काही ऑनलाइन खेळांची अँटी-चीट (लबाडी पकडणारी) यंत्रणा मात्र लिनक्सला दाद देत नाही, त्यामुळे मित्रांबरोबर असलंच काही खेळत असाल तर आधी बघून घ्या.

स्विचचं उलटं आहे. निन्टेंडोचं ई-शॉप, म्हणजे खेळांचं ऑनलाइन दुकान, भारतासाठी नाही. खात्याचा देश दुसरा ठेवायचा, प्रीपेड कोड घ्यायचे, असा वळसा घालावा लागतो. निन्टेंडोचे स्वतःचे खेळ फारसे स्वस्तही होत नाहीत. २०१७ साली यंत्राबरोबरच बाजारात आलेला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' वर्षानुवर्षं जवळपास त्याच भावात राहिला. पण यातून एक वाट आहे आणि ती मला मनापासून आवडते: यंत्रात घालायचं, खेळ भरलेलं छोटं कार्ड. मी खेळ शक्यतो कार्डावरच घेतो. संपला की विकतो, नाहीतर मित्राच्या कार्डाशी बदलतो. भाव पडत नाही म्हणून विकतानाही बरे पैसे येतात. डेकवर घेतलेला खेळ असा कुणाच्या हातावर ठेवता येत नाही. (घरात लहान मूल असेल तर एक माहिती: ही कार्डं मुलांनी गिळू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. माझ्या मुलीने एकदा जिभेला लावून खात्री करून घेतली. नंतर तासभर तिला पाणीसुद्धा कडू लागत होतं.)

इथवर वाचून वाटेल की हिशेब डेकच्या बाजूने सुटला. माझाही सुटला होता, म्हणून तर तो आधी घेतला. अडलं ते अक्षरांवर.

पीसीचे खेळ टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरसाठी लिहिलेले असतात. तेच ७.४ इंचांवर आले की अक्षरं चिमुकली होतात. यात यंत्राचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. उलट व्हॉल्व्हने खेळ तपासताना नियमच केलाय की १२८० बाय ८०० च्या पडद्यावर कुठलंही अक्षर नऊ पिक्सेलपेक्षा कमी उंचीचं नसावं, आणि ज्यांची अक्षरं बारीक आहेत त्यांच्यापुढे तशी सूचना येते. पण हे नऊ पिक्सेल म्हणजे किती, ते मी पट्टी लावून काढलं. पडद्याची उंची साधारण दहा सेंटीमीटर, त्यात ८०० पिक्सेल. म्हणजे नऊ पिक्सेलचं अक्षर जेमतेम १.१ मिलिमीटर भरतं. मुंगीच्या डोक्याएवढं. आणि माझ्याकडचे निम्मे खेळ हा नियम यायच्या कितीतरी आधीचे.

मला राज्यं वसवायचे, धान्याचा आणि सोन्याचा हिशेब ठेवायचे खेळ आवडतात. त्यांत वाचायलाच जास्त असतं. गाडीत असा एक खेळ उघडला, एका शहरावर बोट ठेवलं, माहितीची चौकट उघडली, आणि चष्मा लावूनही ती ओळ लागेना. मग आपण काय करतो? यंत्र डोळ्यांपाशी आणतो. इथे दुसरी गोष्ट आडवी येते. डेकचं वजन ६४० ग्रॅम. मांडीवर टेकवलं असेल तर ते जाणवतही नाही, उलट पकड इतकी भरीव आहे की बरं वाटतं. पण तेच नाकासमोर धरून दहा मिनिटं बसा. कोपरं भरून येतात. खाली ठेवावं तर वाचता येत नाही, वर धरावं तर हात दुखतात. लोणावळा यायच्या आत मी ते बंद करून पिशवीत टाकायचो आणि खिडकीबाहेर बघत बसायचो. स्टीमचं बटण आणि एल१ दाबलं की भिंग उघडतं, ते मी महिनाभर वापरलं. पण दर ओळीला भिंग लावायचं म्हणजे खेळ राहतो बाजूला, सातबारा वाचल्यासारखं होतं.

स्विच ओलेड जॉय-कॉनसकट (म्हणजे दोन्ही बाजूंच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरसकट) ४२० ग्रॅमच्या आसपास. मुळात हे यंत्र टीव्हीला जोडून तसंच हातात धरूनही खेळायचं म्हणून बनलं, त्यामुळे निन्टेंडोच्या स्वतःच्या खेळांत अक्षरं ठसठशीत असतात, पडद्यावर गर्दी कमी असते. चष्मा न लावता, अंथरुणावर उताणं पडून मी तो अर्धा तास धरू शकतो. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे, पण माझ्यापुरतं पुरेसं आहे.

बाकीचं पटपट सांगतो. पडदा दोन्हींचा सुरेख. डेकचा ९० हर्ट्झचा, हालचाल जास्त गुळगुळीत. बॅटरी खेळावर ठरते. डेकवर जड खेळ लावला तर माझी गाडी मुंबईत शिरेपर्यंत लाल रेघ दिसायला लागते, स्विच परतीच्या प्रवासातही थोडा चालतो. जॉय-कॉनच्या स्टिक आपोआप सरकतात अशी तक्रार जगभर झालीय. माझ्या जोडीला तो त्रास अजून झालेला नाही, पण सांगून ठेवतो. मोठे पीसी खेळ स्विचवर आलेत खरे, मात्र पडदा ७२० रेषांचा आणि ताकद बेताची, त्यामुळे चित्र पुसट दिसतं. 'विचर ३' मी स्विचवर सुरू केला आणि डेकवर संपवला. असे खेळ हाच तुमचा मुख्य शौक असेल तर माझ्या कोपरांचं ऐकू नका.

स्विच घरात येण्याने एक गोष्ट मात्र मी धरलीच नव्हती. रविवारी दुपारी मुलगी तो गॅलरीत नेते, मागची रुंद पट्टी उघडून स्टुलावर उभा करते, दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन काढून एक माझ्या हातात देते. 'बाबा, चल.' मग 'मारिओ कार्ट'च्या चार शर्यती. डेकवर हेच करायचं तर वेगळे कंट्रोलर हवेत, स्टँड हवा. जमतं, पण नऊ वर्षांची मुलगी ते आपापलं मांडू शकत नाही.

'स्विच २' जून २०२५ मध्ये आला. पडदा मोठा, १०८० रेषांचा, वजन मात्र ५३४ ग्रॅम. मी तो मित्राकडे तासभरच हाताळला, त्यामुळे त्यावर मत देत नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांनाच लागू: यांतलं कुठलंच यंत्र कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही. बिघडलं तर जवळचा चांगला कारागीर शोधायची तयारी ठेवा, किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला पावती जपून आणायला सांगा.

पैसे मोजण्याआधी एक करून बघा. तुम्हाला डेकवर खेळायचा असलेला खेळ लॅपटॉपवर उघडा, सगळ्यात जास्त मजकूर असलेल्या जागेचा स्क्रीनशॉट घ्या आणि ते चित्र पट्टी लावून १६ सेंटीमीटर रुंद करा. डेकचा पडदा तेवढाच आहे. आता मांडीवर यंत्र धरल्यावर जेवढं अंतर राहील तेवढं मागे सरका आणि नेहमीच्या चष्म्याने वाचा. सरळ वाचता आलं तर डेक घ्या. मान पुढे गेली, तर स्विच.