कायनेसिस फ्रीस्टाइल २: मनगट दुखतं म्हणून घ्यावा का?

आधी उत्तर. दोन तुकड्यांचा हा कीबोर्ड एक काम उत्तम करतो. टाइप करताना मनगट करंगळीच्या बाजूला मुडपलेलं असतं, ते तो सरळ करतो. त्याचं व्ही-३ किट, म्हणजे आतली कड उचलणारे टेकू, लावलं की पंजा पूर्ण पालथा पडत नाही, थोडा कलता राहतो. पण टेबल उंच असेल, माउस हातभर लांब असेल किंवा दिवसभरात गरजेपेक्षा दुप्पट बटणं दाबली जात असतील, तर त्यात याच्याने काडीचा फरक पडत नाही. म्हणून दुखायला लागल्याबरोबर हा मागवणं म्हणजे आधी कळस मग पाया. आमच्या हिशेबात याचा नंबर तिसरा लागतो. आधी उंची, मग माउस, मग हा.

मराठीत बटणालाही कळ म्हणतात आणि दुखण्यालाही, तेव्हा दोन्हींचा संबंध नीट पाहू. साध्या कीबोर्डवर मनगटाला तीन त्रास होतात. दोन्ही हात छातीसमोर जवळ आणावे लागतात, त्यामुळे पंजे बाहेर वळतात. तळवे पूर्ण खाली करायचे म्हणून हाताच्या पुढच्या भागाला पीळ पडतो. आणि कीबोर्डच्या मागच्या बाजूचे दोन पाय उघडलेले असतील तर मनगट वर वाकतं. मनगटाच्या आत हाडं आणि एक घट्ट पट्टा यांच्यामधल्या चिंचोळ्या बोगद्यातून बोटांकडे जाणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नस जाते. मनगट वर-खाली वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. तिसरा त्रास घालवायला एक पैसाही लागत नाही, फक्त ते पाय मिटायचे. तरी बहुतेक टेबलांवर ते उघडेच दिसतात.

कुठल्या बोटांना मुंग्या येतात तेही बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर संशय मनगटातल्या नसेवर. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर ती दुसरी नस, अल्नर, आणि ती बऱ्याचदा कोपराशी दबते. खुर्चीचा कडक हात किंवा टेबलाची कड कोपराखाली येते का, ते आधी तपासा. त्यावर कुठलाही कीबोर्ड चालणार नाही. रात्री बधिरपणाने जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसल्यासारखा दिसत असेल, तर खरेदी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

उंची मोजायला शिवणकामाचा टेप पुरतो. पाय जमिनीवर सपाट, खांदे सैल, कोपर अंगालगत आणि काटकोनापेक्षा किंचित उघडं. जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत जे माप येईल, तिथे किंवा त्याच्या एक-दोन सेंटीमीटर खाली कीबोर्डची मधली ओळ यायला हवी. तयार टेबलं साधारण ७३ ते ७५ सेंटीमीटर उंच असतात आणि मध्यम उंचीच्या माणसालाही ती टायपिंगसाठी उंचच पडतात. टेबल खाली येत नसेल तर खुर्ची वर घ्या आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट किंवा घट्ट खोकं ठेवा. खुर्ची वर करून पायाखाली काही न ठेवणं म्हणजे मनगटाचं दुखणं मांड्यांकडे ढकलणं. टेबलाखाली सरकता ट्रे लावलात तर तो माउसलाही पुरेल इतका रुंद हवा. कीबोर्ड खाली आणि माउस वर अशी मांडणी झाली की उजवा खांदा आठवड्याभरात बोलायला लागतो.

दोन तुकड्यांचा कीबोर्ड आपल्याला जमेल का, हे फुकटात कळतं. जुने दोन यूएसबी कीबोर्ड एकाच संगणकाला जोडा. डावा हात डावीकडच्या कीबोर्डच्या डाव्या भागावर, उजवा उजवीकडच्याच्या उजव्या भागावर. विंडोज आणि लिनक्सवर दोन्ही एकाच वेळी चालतात आणि एकावर शिफ्ट दाबून दुसऱ्यावर अक्षर दाबलं तरी मोठी लिपी उमटते. मॅकवर मात्र शिफ्ट, कंट्रोल अशी बटणं एका कीबोर्डवरून दुसऱ्यावर लागू होत नाहीत, तिथे वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आतल्या कडेखाली पातळ वही सरकवली की कलही अजमावता येतो. चार-पाच दिवस असं काम करून मनगटाला आराम वाटला, तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता फ्रीस्टाइल. दोन्ही अर्धे भाग एका वायरने जोडलेले असतात. वायर दोन मापांत मिळते, ९ इंच आणि २० इंच, आणि नंतर बदलता येत नाही, म्हणून हा निर्णय मागवतानाच घ्यायचा. वरच्या टोकाला एक छोटा जोड असतो. तो ठेवला तर दोन्ही भाग पंख्यासारखे उघडतात, काढला तर पूर्ण सुटे होतात. जोड काढूनच वापरा. पंख्यासारखं उघडून मनगट सरळ होतं, पण हात छातीसमोर जखडलेलेच राहतात. बाजूचे आकडे यात नाहीत. डाव्या कडेला कॉपी, पेस्ट, अनडू अशा तयार बटणांची ओळ आहे आणि ती दिसते त्यापेक्षा उपयोगी आहे. कंट्रोल धरून करंगळी आणि तर्जनी ताणण्याऐवजी एकच बटण दाबायचं.

मांडणी अशी करा. डोळे मिटून हात टेबलावर सहज पडू द्या, बोटं जिथे टेकतील तिथे दोन्ही भाग ठेवा. हाताच्या पुढच्या भागाची रेष आणि मधल्या बोटाची रेष एक व्हायला हवी. बहुतेकांना दोन भागांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर पुरतं, म्हणजे ९ इंची वायरही चालते. व्ही-३ किटने आतली कड ५, १० किंवा १५ अंशांनी उचलता येते. सुरुवात ५ ने करा, दोन आठवडे तिथेच राहा, मग १०. लोक पहिल्याच दिवशी १५ लावतात आणि आठवड्यात परत सपाट करतात. कारण साधं आहे. १५ अंशांवर आतली कड जवळपास पाच सेंटीमीटर वर येते, मधली ओळही दोनेक सेंटीमीटर उचलली जाते, आणि टेबल किंवा खुर्ची तेवढी न हलवल्यामुळे खांदे वर जातात. मग दोष कीबोर्डला. कल बदललात की उंची पुन्हा मोजा.

व्हीआयपी-३ नावाच्या किटमध्ये तळहाताच्या गाद्याही येतात. त्यांचा उपयोग थांबल्यावर हात टेकायला. टाइप करताना मनगट गादीवर रोवून बोटं फिरवली तर दाब बरोबर त्या बोगद्यावरच येतो आणि लांबच्या बटणाकडे जाताना मनगट परत मुडपतं. टाइप करताना हात तरंगता, थांबलात की टेकलेला. टेकायचा तोही तळव्याचा मांसल भाग, मनगटाची घडी नाही.

पहिल्या आठवड्यात वेग निम्म्यावर येतो, आणि मुख्य भांडण इंग्रजी बी या बटणाशी होतं. ते डाव्या भागात आहे. ज्यांना ते उजव्या तर्जनीने दाबायची सवय आहे, त्यांचं बोट मधल्या रिकाम्या टेबलावर आपटतं. इन्स्क्रिप्ट या देवनागरी आराखड्यात मराठी लिहिणाऱ्यांना हे जास्त जाणवेल, कारण तिथे त्याच बटणावर 'व' आहे. इन्स्क्रिप्टचा आराखडा तसा दोन तुकड्यांसाठीच केल्यासारखा वाटतो. स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. 'म', 'न' आणि 'व' तेवढे डाव्या भागाच्या तळाशी. दोन्ही हातांना आळीपाळीने काम मिळतं, ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे शिफ्टवर, आणि 'श' व 'ळ'सुद्धा. अक्षर उजव्या हाताकडे, म्हणजे शिफ्ट दर वेळी डाव्या करंगळीकडे. 'भाषा', 'शाळा', 'धडा' एवढ्या तीन शब्दांत त्या करंगळीला पाच हेलपाटे होतात. कीबोर्ड कितीही महागाचा घ्या, हे ओझं तो हलकं करत नाही.

ते हलकं करतात विंडोजमधल्या स्टिकी कीज. शिफ्ट दाबून सोडायचं आणि मग अक्षर दाबायचं, धरून ठेवायची गरज नाही. चालू करायला शिफ्ट पाच वेळा दाबा. एक खोच आहे. दोन बटणं एकदम दाबली की ही सोय आपोआप बंद व्हावी, असा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तो काढून टाका, नाहीतर जुन्या सवयीने एकदा शिफ्ट धरलं की सोय गायब होते आणि 'चालतच नाही' असं वाटतं.

बटणं हलकी आहेत, पण खाली रबराच्या टोप्या असल्यामुळे दाब तळापर्यंत न्यावाच लागतो. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला, हवा असेल तर याच घराण्यातला फ्रीस्टाइल प्रो बघा. त्याची मधली वायर लांब आहे आणि बटणांची अदलाबदल कीबोर्डमध्येच साठवता येते. मेकॅनिकल स्विच साधारण अर्ध्या वाटेवर, दोन मिलिमीटरला काम करतो. त्याचा फायदा मात्र हलक्या हाताने टाइप करणाऱ्यालाच मिळतो. जो प्रत्येक बटणावर खिळा ठोकतो, त्याला दोन्ही सारखेच. दोन्ही कीबोर्डांत बटणांच्या ओळी नेहमीसारख्या तिरप्याच आहेत, त्यामुळे नव्याने शिकावं असं फार नाही. ही या कीबोर्डची खरी जमेची बाजू. दुखऱ्या हाताने नवी मांडणी शिकण्यासारखी शिक्षा नाही.

आता माउस, आणि इथे फ्रीस्टाइल स्वतःच एक अडचण करून ठेवतो. आकडे नसल्यामुळे माउस नऊ-दहा सेंटीमीटर आत येतो, पण दोन भाग लांब ठेवले की उजवा भाग पुन्हा तेवढाच बाहेर जातो. म्हणजे माउस होता तिथेच. हात बाजूला लांबवून तासन् तास माउस फिरवणं हे खांदा-मान धरण्याचं मोठं कारण आहे. उपाय दोन. माउस डाव्या हाताकडे द्या, किंवा मधल्या मोकळ्या जागेत ट्रॅकबॉल, म्हणजे जागेवरच गोळा फिरवून चालवायचा माउस, ठेवा. ट्रॅकबॉल असा निवडा की गोळा बोटांनी फिरेल. अंगठ्याने फिरवायचा घेतलात तर मनगटाचं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी जातं, आगीतून फुफाट्यात. मध्ये ट्रॅकबॉल ठेवायचा बेत असेल तर वायर २० इंचीच घ्या.

उभ्या माउसमध्ये लॉजिटेकचा एमएक्स व्हर्टिकल ५७ अंशांत कललेला आहे. पंजा हस्तांदोलनासारखा राहतो, हाताचा पीळ कमी होतो. तो फक्त उजव्या हाताचा आणि मोठ्या पंजाला बसणारा. लहान-मध्यम पंजाला त्याच कंपनीचा 'लिफ्ट' नावाचा माउस बरा, तो डाव्या हातासाठीही मिळतो. उभ्या माउसची एक खोड अशी की क्लिकचा दाब आडवा असतो, त्यामुळे क्लिक करताना माउसच सरकतो आणि तो अडवायला अंगठा आवळला जातो. पॉइंटरचा वेग वाढवा म्हणजे हात कमी फिरेल, आणि हलवताना मनगट स्थिर ठेवून कोपरापासून हलवा. बारीक चित्रकामाला हा माउस नकोच. फाइल ओढताना बटण धरून ठेवणं ज्यांना दुखतं, त्यांनी विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये क्लिकलॉक चालू करावं. बटण क्षणभर दाबलं की ते धरलेलंच राहतं, पुन्हा दाबलं की सुटतं.

दाबण्याची संख्या कमी करणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. 'धन्यवाद' रोमन अक्षरांतून लिहायला दहा बटणं लागतात. इन्स्क्रिप्टमध्ये सात आणि एक शिफ्ट. दिवसभर मराठी लिहिणाऱ्याला हा फरक कुठल्याही कीबोर्डपेक्षा मोठा पडतो, मात्र शिकायला दोन-तीन आठवडे जातात. नेहमीच्या वाक्यांसाठी एस्पान्सो हे मोफत सॉफ्टवेअर आहे, दोन-तीन अक्षरांत पूर्ण परिच्छेद उमटतो. संक्षेप असा ठरवा की तो एरवी कुठल्याच शब्दात येणार नाही. 'नम' ठेवलात तर 'नमस्कार' लिहिताना दर वेळी घोळ होईल. लांब मजकुराचा कच्चा खर्डा गूगल डॉक्समध्ये बोलून उतरवता येतो, मराठीत चालतो. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं मागाहून दुरुस्त करावी लागतात.

विश्रांतीची आठवण द्यायला वर्करेव्ह हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मूळ सेटिंगमध्ये ते दर तीन मिनिटांनी अर्धा मिनिट थांबवतं. माणूस दोन दिवसांत वैतागून सगळंच बंद करतो. दहा मिनिटांनी वीस सेकंद, तासाभराने पाच मिनिटं असं ठेवलं तर ते पाळलं जातं. त्या वीस सेकंदांत हात मांडीवर हवेत, फोनवर नाहीत.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट राहिली. फ्रीस्टाइल लॅपटॉपच्या पुढ्यात ठेवला तर स्क्रीन हातभर लांब आणि खाली जाते, मान पुढे येते. लॅपटॉप उंचावर ठेवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. स्टँड नसेल तर जाडजूड पुस्तकांची थप्पी चालते, फक्त तळाशी हवा खेळायची जाळी झाकली जाऊ देऊ नका.