ओटा जागेवर ठेवायचा, हलवायचा की भिंत पाडायची? स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाची परवानगीच्या अंगाने तुलना

परवानगी किती आणि कसली लागेल, हे खर्चाच्या आकड्यावर ठरत नाही. महागडा दगड, नवी कपाटे, टाइल्स, रंग एवढे सगळे करूनही एकही अर्ज करावा लागणार नाही, असे होऊ शकते. उलट साधे सिंक एका भिंतीवरून समोरच्या भिंतीला नेले, की प्लंबिंगचा नकाशा, परवानगी आणि तपासणी मागे लागते. परवानगी देणारे कार्यालय मुख्यतः दोन गोष्टी बघते. भिंतीआड किंवा फरशीखाली काय झाकले जाणार आहे, आणि इमारतीचा भार कशावर उभा आहे. म्हणून कपाटांचे नमुने बघण्याआधी खालच्यापैकी आपण कोणत्या रकान्यात बसतो हे ठरवून घ्या.

| | जागच्या जागी बदल | सिंक, शेगडी, पॉइंट हलवणे | भिंत पाडणे किंवा उघडणे |
|---|---|---|---|
| परवानगी | बहुधा नाही | प्लंबिंग, वीज, गॅस यांची वेगवेगळी | बांधकाम परवानगी, शिवाय मधल्या रकान्यातले सगळे |
| कागद | सोसायटी किंवा फ्लॅटधारकांच्या संघाचे पत्र | पाइप व वायरिंगचे नकाशे, विजेच्या भाराचा तक्ता | जुना व नवा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरची गणिते |
| तपासणी | नाही | झाकण्याआधी एकदा, शेवटी एकदा | टेकू, तुळई, झाकण्याआधी, शेवटी |
| काम अडते कुठे | विजेच्या भारावर | निचऱ्याच्या उतारावर | जुन्या मंजूर नकाशावर |

नियमांचा तपशील गावोगावी बदलतो, पण हा सांगाडा जवळजवळ सगळीकडे असाच असतो.

जागच्या जागी बदल

कपाटे, दगड, टाइल्स, नळ, सिंक सगळे आहे तिथेच बदलायचे असेल, तर हा सर्वांत सुटसुटीत मार्ग. पण यातही तीन ठिकाणी पाय अडकतो.

पहिले इंडक्शन. चार चुलींचा इंडक्शन ओटा साधारण ७ किलोवॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो ३० अँपिअरच्या वर वीज ओढतो. भिंतीतला १६ अँपिअरचा पॉइंट जेमतेम साडेतीन किलोवॅट सोसतो. म्हणजे मुख्य बोर्डापासून ३२ अँपिअरचे स्वतंत्र सर्किट आणि साधारण ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आली, आणि त्याबरोबर विजेच्या कामाची परवानगीही. घराचा मंजूर भार पुरत नसेल तर वीज कंपनीकडे भार वाढवण्याचा अर्ज वेगळा. तो आधी करा, कारण तो आपल्या वेळापत्रकाने चालत नाही.

दुसरी चिमणी. हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी काढून बाहेर डक्ट नेणारी बसवली, की बाहेरच्या भिंतीला भोक पडते आणि काम ‘फक्त आतले’ राहत नाही.

तिसरे म्हणजे जुने घर. जुन्या व्हिनाइल फरशा, त्यांच्याखालचा चिकट थर आणि सिमेंटचे पत्रे यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असा तंतूंचा पदार्थ, असू शकते. ते फोडण्याआधी नमुना तपासून घेणे बऱ्याच देशांत बंधनकारक आहे, आणि बंधन नसले तरी करावेच.

सिंक आणि शेगडी हलवणे

बहुतेक लोक खरे तर याच गटात मोडतात, फक्त त्यांना ते उशिरा कळते. ‘थोडेसे सरकवायचे आहे’ म्हणत सुरुवात होते आणि निचऱ्याचा पाइप सगळे ठरवतो.

पाण्याचा नळ कुठेही नेता येतो, कारण पाणी दाबाने येते. सांडपाणी मात्र उतारानेच जाते. ५० मिलिमीटरच्या पाइपाला दर मीटरला साधारण २ सेंटिमीटर उतार लागतो. सिंक ३ मीटर लांब नेले की पाइपाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा ६ सेंटिमीटर खाली. कपाटांच्या खालच्या आणि मागच्या पोकळीत हे बहुधा बसते. पण मधे दरवाजा असेल किंवा सिंक खोलीच्या मध्यावरच्या सुट्या ओट्यावर (‘आयलंड’वर) असेल, तर पाइपाला फरशीखालीच जावे लागते. फ्लॅटमध्ये त्यासाठी स्लॅब खोदू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग फरशी उचलावी लागते आणि उंबरठ्याला पायरी येते.

यातली कमी माहितीची गोष्ट ट्रॅपची. सिंकखालच्या वळणात निदान ५० मिलिमीटर पाणी साचून राहते आणि तेच गटाराचा वास अडवते. ट्रॅपपासून हवेच्या पाइपापर्यंतचा एकूण उतार पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त झाला, की वाहते पाणी मागच्या पाण्यालाही ओढून नेते आणि ट्रॅप कोरडा पडतो. ५० मिलिमीटरचा पाइप, मीटरला २० मिलिमीटर उतार, म्हणजे अंतर फार तर अडीच मीटर. त्यापलीकडे हवेसाठी नवा पाइप हवा. नकाशा तपासणारा माणूस हे अंतर मोजतोच. हवेचा पाइप न दाखवताच अर्ज केला तर अर्ज परत येतो. अर्जच केला नाही तर काही दिवसांनी वास येतो, आणि तेव्हा टाइल्स लागून गेलेल्या असतात.

शेगडी हलवताना कोणता गॅस आहे ते आधी बघा. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. त्यामुळे हवेची जाळी आणि गळती ओळखणारे यंत्र एकात खाली, दुसऱ्यात वर लागते. गॅसचा सांधा भिंतीत गाडू नये आणि दाबाची चाचणी पाइप झाकण्याआधी व्हावी. हे काम फक्त अधिकृत गॅस फिटरचे. सुताराने किंवा ओळखीच्या प्लंबरने केलेली जोडणी तपासणीत टिकत नाही.

शेगडीबरोबर चिमणीही हलते. १५० मिलिमीटरचा डक्ट मधेच १०० मिलिमीटरवर आणला तर वाट निम्म्याहून कमी होते, कारण क्षेत्रफळ सुमारे १७७ वरून ७९ चौरस सेंटिमीटरवर येते. आवाज वाढतो आणि धूर खोलीतच फिरतो. फार जोरकस चिमणीचा धोका वेगळाच आहे. बंद घरात ती हवा खेचते आणि गॅसच्या गिझरचा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. म्हणून मुख्यतः अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’सारख्या संहितेत ताशी सुमारे ६८० घनमीटरपेक्षा मोठ्या चिमणीसाठी बाहेरून हवा आत येण्याची सोय मागितली जाते. तुमच्याकडे हा नियम नसला तरी गॅसचा गिझर असेल तर तो पाळा.

भिंत पाडणे

‘साडेचार इंची भिंत म्हणजे पार्टिशन, नऊ इंची म्हणजे भार घेणारी’ हा ठोकताळा धोकादायक आहे. कॉलम-बीमच्या इमारतीत नऊ इंची भिंतही नुसती भरावाची असू शकते आणि जुन्या, भिंतींवर उभ्या इमारतीत पातळ भिंतीवरही वरच्या मजल्याचे ओझे आलेले असू शकते. भिंत वाजवून बघूनही कळत नाही. मूळ स्ट्रक्चरल नकाशा आणि जागेवर येऊन बघणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर, एवढाच खात्रीचा मार्ग. कपाटांची आगाऊ रक्कम देण्याआधी त्याला बोलवा. त्याच्या एका शब्दाने सगळी मांडणी बदलू शकते.

भार घेणारी भिंत निघाली तर तुळई, तिचे दोन्ही टोकांचे आधार, पाडतानाचे टेकू आणि त्यांचा क्रम हे सगळे गणितासह अर्जात जाते. भार घेणारी नसली तरी बऱ्याच ठिकाणी नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो, कारण खोलीचे माप, उजेड आणि हवेचा हिशेब बदलतो. उदाहरणार्थ, भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद, आणि तिथेच जेवायचे असेल तर ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंद असे माप दिले आहे. दिवाणखाना मोठा करण्याच्या नादात स्वयंपाकघर याखाली गेले तर नकाशा तिथेच अडतो.

अर्ज परत येण्याचे एक मोठे कारण जुन्या घरांत दिसते. ‘सध्याची स्थिती’ म्हणून दाखवलेला नकाशा शेवटच्या मंजूर नकाशाशी जुळत नाही. कधी काळी कोणीतरी बाल्कनी आत घेतलेली असते, दरवाजा सरकवलेला असतो. मग आधी त्या जुन्या बदलाचा निकाल, नंतर तुमचे काम. म्हणून मंजूर नकाशाची प्रत काढून, टेप घेऊन प्रत्येक भिंत मोजणे हे या मार्गातले पहिले काम. नव्या नकाशात पाडायचे आणि नवे बांधायचे वेगवेगळ्या रंगांत दाखवा. रंगांची पद्धत ठरलेली असते, ती कार्यालयातून विचारून घ्या.

पाडकामाचे वजनही हिशेबात धरा. ३ मीटर लांब, २.७ मीटर उंच साडेचार इंची विटांची भिंत प्लास्टर सोडून पावणेदोन टनांच्या आसपास भरते. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या वापरासाठी धरलेला असतो. राडारोडा अर्धा मीटर उंच रचला तर चौरस मीटरला सहाशे किलोच्या घरात जातो. तो रोजच्या रोज उतरवण्याची अट कंत्राटात लिहा.

अर्ज कोणी करायचा

स्वतः, कंत्राटदार किंवा आर्किटेक्ट. ज्याच्या नावाने परवानगी, त्याच्यावर कामाची जबाबदारी. फक्त सर्किट किंवा सिंकचे काम असेल तर ज्या-त्या परवानाधारक कारागिराने आपापला अर्ज करणे सोयीचे. तपासणीत दोष निघाला तर दुरुस्तीही त्याच्याच गळ्यात. भिंतीला हात लागणार असेल तर आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फतच जा. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. घरमालकाने स्वतः अर्ज करणे बऱ्याच ठिकाणी चालते, पण मग कारागिरांचे परवाने तपासणे, तपासणीची वेळ घेणे आणि कामावर कोणाला इजा झाली तर त्याचे उत्तरदायित्व हे सगळे तुमच्याकडे येते. कंत्राटदारच ‘तुमच्या नावाने काढा, लवकर होईल’ म्हणत असेल तर त्याचा परवाना चालू आहे का, हे आधी बघा.

अर्जाचेही दोन प्रकार असतात. इंग्लंडमध्ये पूर्ण नकाशे मंजूर करून घेऊन काम सुरू करता येते, किंवा नुसती सूचना देऊन जवळजवळ लगेच. इतरत्र नावे वेगळी, पण हा फरक अनेक ठिकाणी आढळतो. सूचनेचा मार्ग जलद आहे, मात्र चूक कागदावर न सापडता जागेवर सापडते. दुसऱ्या गटातल्या लहान कामाला तो ठीक. तुळई घालायची असेल तर पूर्ण मंजुरीच घ्या, कारण बसवलेली तुळई बदलणे म्हणजे पुन्हा टेकू, पुन्हा पाडकाम.

परवानगीला मुदत असते. वर आलेल्या ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’नुसार काम १८० दिवसांत सुरू झाले नाही किंवा मधे तितके दिवस थांबले, तर ती रद्द होते. म्हणून कपाटे यायला किती वेळ लागणार हे पक्के झाल्यावरच अर्ज टाका. फ्लॅट असेल तर सोसायटीचे पत्र आणि सरकारी परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणजे दुसरी माफ होत नाही.

विनापरवाना केले तर

काम चालू असताना शेजाऱ्याने तक्रार केली तर काम थांबवण्याची नोटीस येते, आणि ओटा फोडलेल्या घरात किती दिवस काढायचे ते मग तुमच्या हातात राहत नाही. काम संपल्यावर नियमित करून घ्यायचे म्हटले तर तपासनीस झाकलेले बघू शकत नाही, त्यामुळे टाइल्स आणि प्लास्टर ठिकठिकाणी उघडायला लावतो. दंड वेगळा. आगीनंतर विमा कंपनी विनापरवाना वायरिंगवर बोट ठेवू शकते, आणि घर विकताना खरेदीदाराचा वकील नकाशा जुळवून बघतो.

तपासणी

सगळ्यांत जास्त काम फुकट जाते ते इथेच. पाइप, वायर आणि डक्ट उघडे असताना पहिली तपासणी असते. टाइल्सवाला मोकळा आहे म्हणून त्याने भिंत झाकली, की ती पुन्हा फोडावी लागते. म्हणून कामाच्या वेळापत्रकात ‘तपासणी पास’ हा टप्पा लिहा आणि त्याआधी टाइल्सचा माल घरात येऊच देऊ नका. पाणी आणि गॅस दोन्हींची दाबाची चाचणी तयार ठेवा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून त्याचे चाचणीचे बटण दाबून बघा. झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे हे त्यावरूनच कळते.

शेवटच्या तपासणीनंतर पूर्णत्वाचा कागद मिळतो. कपाटे लागली, स्वयंपाक सुरू झाला, की तो आणायचा राहून जातो आणि दफ्तरी परवानगी अर्धवटच दिसते. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या कागदाशी बांधून ठेवा, आणि ही अट सह्या करण्याआधीच कंत्राटात घाला.