खोकं अस्सल, बॉडी नकली: १/१२ पोर्शे किटचा माझा अनुभव

घरी जोडायच्या रेसिंग कार मॉडेलचं, रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) बॉडीचं मोठ्या मापाचं किट कुणी सेकंड-हँड घेणार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचून घ्या. टामिया, हासेगावा अशा मोठ्या कंपन्यांच्या प्लास्टिक किटमध्ये हा प्रकार सहसा होत नाही, कारण स्टीलच्या डायमधून निघालेल्या स्प्रूची (भाग लागलेल्या प्लास्टिकच्या चौकटीची) घरी बसून नक्कल करणं कुणालाच परवडत नाही. रेझिनचं तसं नाही. सिलिकॉन रबर, दोन बाटल्यांतलं रेझिन आणि हाताशी एक स्वच्छ मूळ भाग असला की स्वयंपाकघराच्या ओट्यावरसुद्धा बॉडी ओतता येते. अशा नकलेला आमच्यात रीकास्ट म्हणतात. रीकास्ट उघडपणे विकणारेही पुष्कळ आहेत. मला जो भेटला त्याने अस्सल खोक्यात, अस्सल धातूच्या भागांसोबत, अस्सल डेकल शीटखाली (गाडीवर चिकटवायच्या छापील पट्टे-नंबरांच्या शीटखाली) नकली बॉडी ठेवून ५२,००० रुपये घेतले.

गाडी होती पोर्शे ९१७के. १९७० च्या ल मान्सची (फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीची), लाल रंगावर पांढरे पट्टे असलेली २३ नंबरची. हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवुड यांनी ही गाडी भर पावसात पहिली आणली आणि पोर्शेला ल मान्सचं एकूण विजेतेपद पहिल्यांदा मिळालं. त्या वर्षी काही ९१७ गाड्यांना मोठं ४.९ लिटरचं इंजिन होतं, या जोडीकडे जुनं ४.५ लिटरचंच. शेवटी निकालात धरण्याजोग्या अवघ्या ७ गाड्या उरल्या. हेरमानने बायकोला शब्द दिला होता की जिंकलो तर शर्यती सोडतो, आणि गड्याने तो पाळलाही. मॉडेल करणाऱ्याला या गाडीत रस असतो तो मागच्या झाकणाखाली: बारा सिलिंडरचं इंजिन आणि त्याच्या डोक्यावर आडवा बसवलेला तो मोठा पंखा. १/१२ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्यात, त्याखालच्या प्लगच्या वायरी एकेक करून ओवता येतात. त्यात महिने जातात आणि ते जावेत म्हणूनच हा उद्योग करायचा.

अशी किटं जपानमधल्या छोट्या कंपन्या थोड्या संख्येने काढतात. बॉडी रेझिनची, चौकट आणि सस्पेन्शन व्हाइट मेटलचं (मऊ, ओतीव मिश्रधातूचं), चाकांच्या रिमा लेथवर कातलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या, जाळ्या-बिजागऱ्या फोटोएच पत्र्याच्या (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या). एकदा माल संपला की पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नाही. जपानची किंमत, कुरिअर आणि कस्टम धरून नवं किट साठ-सत्तर हजारांच्या घरात जातं. त्यामुळे ५२,००० म्हणजे काही मातीमोल भाव नव्हता. संशय यावा असा तर नव्हताच.

विक्रेताही उपरा नव्हता. हौशी लोकांत त्याचं नाव माहीत होतं, ओळखीतल्या दोघांनी त्याच्याकडून आधी प्लास्टिकची किटं घेतली होती आणि ती व्यवस्थित निघाली होती. बोलणं गोड. "दादा, माझ्या संग्रहातलं आहे. आता घरात जागा नाही आणि बायको रोज ओरडते, म्हणून काढतोय." आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी हेच वाक्य रोज कानावर पडतं, त्यामुळे ते ऐकून माणूस आपला वाटतो. माझ्या नावाची चिठ्ठी आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून खोक्याचा फोटो मागितला, तो लगेच आला. व्हिडिओ कॉलवर त्याने डेकल शीट उजेडात धरून दाखवली. एक घडी नाही, पिवळेपणा नाही. फोटोएचचा पत्रा दाखवला, धातूचे भाग दाखवले. रेझिनच्या पिशवीची तोंडं सीलबंद होती. ती कॅमेऱ्यासमोर फिरवून म्हणाला, "फोडून दाखवू का? पण मग सीलबंद म्हणून याची किंमत राहणार नाही, तुम्हीच ठरवा." अर्धे पैसे आधी, अर्धे कुरिअरचा नंबर आल्यावर, असं यूपीआयने दिलं. माल वेळेवर आला, पॅकिंग इतकं चांगलं की मी त्याला आभाराचा मेसेज केला.

९१७ च्या जन्माचाच एक किस्सा आहे. १९६९ साली शर्यतीची मान्यता मिळवायला २५ गाड्या तयार दाखवाव्या लागणार होत्या. पहिल्या खेपेला तपासनीस आले तेव्हा पुऱ्या जोडलेल्या गाड्या जेमतेम ३ होत्या आणि बाकीच्या जोडायच्या चालल्या होत्या. मान्यता नाकारली गेली. मग एप्रिलमध्ये पोर्शेने कारखान्याच्या आवारात २५ गाड्या एका ओळीत उभ्या केल्या. त्यातल्या बऱ्याचशा केवळ त्या दिवसापुरत्या घाईने जोडलेल्या होत्या. तपासणारा काय मोजणार हे ठाऊक असलं की तेवढंच चोख ठेवता येतं. माझ्या विक्रेत्याचं गणित हेच. चिठ्ठी, वर्तमानपत्र, डेकलचा पिवळेपणा, भागांची मोजणी, हे सगळे जण बघतात. तिथे तो शंभर टक्के खरा होता.

बॉडी बाहेर काढून ड्राय फिट केलं, म्हणजे न चिकटवता भाग बसवून पाहिले. दारं बॉडीत झकास बसली, मागचं झाकण बसलं, फटी एकसारख्या. बसणारच, कारण सगळे रेझिनचे भाग एकाच वेळी, एकाच मालातून ओतलेले. जितकी बॉडी आक्रसली तितकंच दारही आक्रसलं. लोच्या कळला तो धातूची चौकट आणि चाकं जोडून त्यावर बॉडी ठेवली तेव्हा. पुढचं चाक बॉडीतल्या चाकाच्या कमानीच्या मधोमध आणलं की मागचं चाक कमानीच्या मागच्या कडेला टेकायचं. मागचं मधोमध आणलं की पुढचं बाहेर.

मी कोल्हापूरचा. शिरोलीला फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे नमुने बनवतात तिथे) काम करतो, तेव्हा व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) लांब शोधायला लागत नाही. खऱ्या ९१७ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, २,३०० मिलिमीटर. बाराने भागला की १९१.७. धातूच्या चौकटीवर मोजला तर केसभर फरकाने तेवढाच. बॉडीच्या कमानींच्या मध्यांतलं अंतर मात्र १९० ला टेकत होतं. पावणेदोन मिलिमीटर कुठे गेले हे पॅटर्न शॉपच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ओतलेली वस्तू थंड होताना, घट्ट होताना आक्रसते, म्हणून बिडासाठीची आमची पट्टीच वेगळी असते, मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर लांब. किट बनवणारी कंपनीसुद्धा हे आकुंचन मूळ मास्टरमध्येच (ज्यावरून साचा काढतात त्या नमुन्यात) धरते. पण ओतून निघालेल्या बॉडीवरून कुणी पुन्हा साचा काढला तर आकुंचन दुसऱ्यांदा होतं, आणि ते कुणी धरलेलंच नसतं. दुसऱ्या दिवशी दार खिशात घालून शॉपवर नेलं. आमच्या मामांनी ते बोटांत फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो ओतलेल्यावरनं ओतलेला माल हाय बघ. कडा मेल्यात ह्याच्या."

मग राखाडी प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) एक हात मारला आणि उरलंसुरलं उघडं पडलं. कमानीच्या आतल्या कडेला टाचणीच्या टोकाएवढ्या हवेच्या पोकळ्या. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, पॉलिश पेपरच्या तिरक्या रेघा. साधारण चारशे नंबरच्या पेपरच्या, त्यातली एक खोल आणि शेवटी वळलेली. नव्या, सीलबंद भागावर पॉलिश पेपरच्या रेघा का असाव्यात? कारण त्या या भागावर कुणी मारलेल्याच नव्हत्या. ज्या मूळ दारावरून साचा काढला त्यावर त्या होत्या, आणि सिलिकॉन रबर काहीच सोडत नाही, बोटाचा ठसासुद्धा उतरवून घेतं.

विक्रेत्याला मोजमापांसकट फोटो पाठवले. पहिलं उत्तर, "रेझिनमध्ये उन्नीस-बीस होतंच, गरम पाण्यात घालून ताणा." दुसरं, "कंपनीचा दोष असेल, त्यांना लिहा." रेघांबद्दल विचारल्यावर निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही, आणि नंतर डीपी दिसायचा बंद झाला.

या रेघांचाच पुढे उपयोग झाला. विचारपूस करता करता नागपूरचे एक गृहस्थ सापडले, त्यांनीही त्याच्याकडूनच ९१७ घेतली होती आणि न उघडता कपाटात ठेवली होती. फोनवर त्यांना डाव्या दाराचा खालचा कोपरा टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघायला सांगितलं. थोड्या वेळाने फोटो आला. तीच तिरकी रेघ, तेच वळलेलं टोक. दोन वेगळ्या खोक्यांतल्या, दोन वेगळ्या शहरांतल्या दारांवर एकच ओरखडा कसा असेल, याला दुसरं उत्तर नाही. एकाच साच्यातून निघालेली भावंडं.

राहिला प्रश्न असा की अस्सल खोकी आणि धातूचे भाग तो आणत कुठून होता. ते कोडं नाशिकच्या एका मित्रामुळे सुटलं. माझ्या किटच्या सूचनापत्रिकेत भागांच्या नंबरांशेजारी पुसलेल्या पेन्सिलीच्या बारीक बरोबरच्या खुणा होत्या. विक्रेता म्हणाला होता की भाग त्याने मोजून घेतले. पानाचा फोटो पाहून नाशिककर म्हणाला, "अरे, ही माझी पत्रिका आहे. चहाचा डाग बघ चौथ्या पानावर." त्याने बॉडीवर रंग बिघडवला, उतरवताना दारं वाकडी केली आणि वैतागून सगळं किट दहा हजारांत काढून टाकलं होतं. असली अर्धवट सोडलेली किटं आमच्या छंदात पडेल भावाने मिळतात, कारण बॉडी गेली की बाकीच्याला कोण विचारतो? हा पठ्ठ्या तीच गोळा करतो. धातू, टायर, डेकल कोरे असतात, ते ठेवतो. बिघडलेली बॉडी फेकतो, स्वतः ओतलेली टाकतो, पिशवीचं तोंड सील करतो. सील करायचं हातयंत्र पॅकिंगचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं. सीलबंद पिशवी पाहून आपण निश्चिंत होतो, पण ती पिशवी काहीच सिद्ध करत नाही.

कुणी म्हणतं, रीकास्ट तर रीकास्ट, नीट घासून रंगवली की कपाटात कोण ओळखणार. ज्याला चालतं त्याने घ्यावी, पण तशी सांगून, तशा भावात. शिवाय पट्ट्यांच्या डेकलचं काय? ही डेकल मूळ बॉडीच्या मापाने छापलेली. आक्रसलेल्या बॉडीवर लाल रंगावरचे ते लांब पांढरे पट्टे नाकावरून दारापर्यंत येताना फटीच्या पलीकडे सरकतात, टोकं जुळत नाहीत. ट्रेसिंग पेपरवर उतरवून, ठेवून पाहिलं. मागच्या झाकणापर्यंत जाता जाता सगळं नक्षीकाम बिघडतं.

तक्रार केली. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, पण त्याचा खरा फायदा पैसे गेल्या गेल्या कळवलं तर, रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते म्हणून. इथे वस्तू हातात आलेली, पैसे केव्हाच पुढे गेलेले. तरी पोर्टलवर नोंद केली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, लोकांच्या तोंडी असलेलं ते ४२०. हवालदारसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे गाडी आली, पण लहान आली?" इतका नेमका सारांश मलाही जमला नव्हता. नागपूरकरांच्या दाराचा फोटो शेजारी ठेवला तेव्हा मात्र ते सरळ बसले आणि दोन्ही फोटो अर्जाला जोडून घेतले. पैसे अजून मिळालेले नाहीत.

घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे काय मागावं ते सांगतो. पिशवी फोडायला सांगा, दोन-तीन हजार जास्त मागितले तरी द्या. बॉडीच्या कमानींवर व्हर्नियर किंवा निदान स्टीलची पट्टी ठेवून फोटो मागा आणि खऱ्या गाडीच्या व्हीलबेसला मापाने भागून ताडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आतल्या बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात मागा, कारण बाहेरची बाजू घासून गुळगुळीत करता येते, आत कुणी हात घालत नाही. किट परदेशातून मागवलेलं असेल तर ऑर्डरचा ईमेल किंवा कस्टम भरल्याची पावती असते. "हरवली" म्हणाला तर निदान भाव पाडा. आणि स्वतःचं बिघडलेलं किट विकत असाल तर सूचनापत्रिकेवर पेनाने, न पुसता येईल असं, "बॉडी खराब" लिहून विका.

गेल्या आठवड्यात नव्या नावाच्या खात्यावर १/१२ ची ९१७के विकायला आली आहे, या वेळी गल्फ या तेल कंपनीच्या फिक्या निळ्या-नारिंगी रंगसंगतीची. पिशव्या सीलबंद, जागा नाही, बायको ओरडते. दुसऱ्या नंबरवरून डाव्या दाराच्या आतल्या खालच्या कोपऱ्याचा फोटो मागितला. "सर, किट आत्ताच बुक झालं," असं उत्तर आलं. जाहिरात अजून तशीच आहे.