बॅटरी कधी बदलायची? किकवाल्यांचं गणित वेगळं, बिनकिकवाल्यांचं वेगळं

आमच्या घरात दोन गाड्या. वडिलांची २०१८ ची कार्ब्युरेटरवाली स्प्लेंडर आणि माझी रॉयल एनफिल्डची नव्या मॉडेलची क्लासिक ३५०. योगायोगाने दोन्हींतल्या बॅटऱ्या आज साडेतीन वर्षांच्या आहेत. माझी मी पावसाळ्याआधी मुकाट्याने बदलणार आहे. वडिलांच्या गाडीला अजून वर्षभर तरी हात लावणार नाही. वय सारखं असून निर्णय उलटे, कारण त्यांच्या गाडीला किक आहे आणि माझीला नाही.

आधी आयुष्याचं बोलू. दुकानदार म्हणतो दोन वर्षं, मित्र म्हणतो माझी पाच चालली, आणि दोघंही खरंच सांगत असतात. हल्लीची सीलबंद बॅटरी साधारण तीन-चार वर्षं काढते. रोज पंधरा-वीस किलोमीटर सलग पळणाऱ्या गाडीत पाचही जातील. अकोला-चंद्रपूरच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीत दुसऱ्याच वर्षी माना टाकेल. सतत दहा अंश जास्त तापमानात राहिली तर आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. गंमत अशी, की मे महिन्यात मार खाल्लेली बॅटरी डिसेंबरच्या एखाद्या सकाळी दगा देते आणि बोल थंडीला लागतो.

दुसरा शत्रू म्हणजे गाडी उभी ठेवणं. शिमग्याला कोकणात गावी सोडलेली गाडी चाकरमानी गणपतीला सुरू करायला जातो, तेव्हा बॅटरी बसलेली असते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती पूर्वीसारखी भरत नाही. निघताना निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं तर बरंच वाचतं. ट्रॅकर किंवा अलार्म बसवलेला असेल तर हे कराच. गाडी बंद असतानाही तो थोडं थोडं पीत असतो.

किक आहे / किक नाही

किक असलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीत अशक्त बॅटरी ही गैरसोय आहे, अडचण नाही. सेल्फ लागला नाही तर किक मारायची. हॉर्न बसका वाजतो, आयडलिंगला इंडिकेटर रेंगाळतो, पण माणूस घरी पोचतो. अशा गाडीत बॅटरीचा शेवटचा थेंब पिळून घ्यायला हरकत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं नवं मानक आलं आणि बहुतेक गाड्या कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर (पेट्रोल विजेच्या मदतीने मोजून फवारणारी यंत्रणा) गेल्या. तिथे सेल्फपुरता प्रश्न राहत नाही. पेट्रोलचा पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, यांनाही वीज लागते. बॅटरी अगदीच मेली असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारूनही गाडी दाद देईलच असं नाही. स्कूटरला तर धक्क्याचा उपायच नाही. २०२१ साली आलेल्या नव्या क्लासिक ३५० ला किक नाही, त्याआधीच्या क्लासिकला होती. म्हणून माझा नियम असा: किक नसेल तर बॅटरी मरायच्या आधी बदला, किक असेल तर मरेपर्यंत थांबा. किक आणि इंजेक्शन दोन्ही असलेली गाडी मधे पडते. तिथे सेल्फ सलग आठवडाभर कुरकुरला की माझ्या लेखी वेळ झाली.

आधी मीटर, मग पाकीट

पण "मरायच्या आधी" हे कळणार कसं? चार-पाचशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी टर्मिनलवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मात्र हा आकडा एकटा फसवतो. खरी परीक्षा सेल्फ दाबतानाची: चांगली बॅटरी दहा व्होल्टच्या आसपास किंवा वर तग धरते. साडेनऊच्या खाली कोसळली आणि स्टार्टरजवळून नुसतं कट-कट ऐकू आलं, तर ती गेली. आधी टर्मिनलचे स्क्रू मात्र आवळून बघा. ढिल्या स्क्रूपायी बदललेल्या बॅटऱ्या काही कमी नाहीत.

तिसरं मोजमाप मी एकदा केलं नव्हतं आणि त्याची किंमत मोजली. आधीच्या गाडीत नवी बॅटरी टाकली, ती चार महिन्यांत फुगली. दुकानदाराने बॅटरीला दोष दिला, मी दुकानदाराला. शेवटी मीटर लावला तर इंजिन थोडं रेज केल्यावर पंधराच्या वर व्होल्ट. इंजिनकडून येणारी वीज आवरून बॅटरीला देणारा भाग, म्हणजे रेक्टिफायर, खराब होता आणि बॅटरी शिजवत होता. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजेत. तेराच्या खाली राहिलं तर गाडी चार्जच करत नाही, मग तुम्ही दुकानातली सगळ्यात महाग बॅटरी आणा.

चार्जिंगला लावू की नवी घेऊ?

लाइट चालू राहिला म्हणून किंवा गाडी महिनाभर उभी होती म्हणून उतरली असेल आणि वय दोन वर्षांच्या आत असेल, तर चार्ज करा. पण गल्लीतल्या चार्जिंगवाल्याला करंट विचारा. पाच एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बॅटरीला अर्धा अँपिअर पुरतो, म्हणजे क्षमतेच्या आकड्याचा दहावा हिस्सा. कारच्या बॅटरीसोबत तीन-चार अँपिअरवर तासाभरात "फुल" करून दिली तर ती तापते आणि उरलंसुरलं आयुष्य तिथेच संपतं. चार्ज करून दोन दिवसांत पुन्हा बसली, किंवा तीन वर्षं उलटून गेली आहेत, तर चार्जिंगचे पैसे नव्या बॅटरीत घाला.

पाण्याची, सीलबंद की लिथियम

पाण्याची बॅटरी स्वस्त पडते, पण महिन्या-दोन महिन्यांनी पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर टाकणारा माणूस हवा. तसा माणूस घरात असेल तर ती चांगली चालते. माझ्या घरात नाही. नळाचं पाणी टाकलंत तर विषय संपला. सीलबंद बॅटरीला यातलं काही लागत नाही, आणि गाडीत कंपनीने तीच दिली असेल तर तीच घ्या. स्प्लेंडर-अ‍ॅक्टिव्हाला लागणाऱ्या छोट्या बॅटरीला हजार-दीड हजार, बुलेटच्या मोठीला त्याहून बरेच.

लिथियमबद्दल मला वारंवार विचारतात. वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, पडून राहिली तरी चार्ज टिकवते, आयुष्य जास्त. पण किंमत तिप्पट-चौपट, आणि जुन्या गाडीच्या रेक्टिफायरचं व्होल्टेज काबूत नसेल तर एवढी महाग वस्तू आगीशी खेळते. ट्रॅकवर वजन मोजणाऱ्यांनी घ्यावी. ऑफिस आणि भाजी मंडई एवढाच फेरा असलेल्याने ते पैसे दोन सीलबंद बॅटऱ्यांसाठी ठेवावेत.

घेताना एएच गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवा आणि बॅटरीवरची उत्पादनाची तारीख वाचा. सहा महिन्यांहून जुना माल असेल तर दुसरी मागा. वॉरंटीत बहुधा पहिला काळ फुकट बदलीचा आणि उरलेला नुसत्या सवलतीचा असतो, म्हणून कार्डावर तारीख-शिक्का तिथेच मारून घ्या. जुनी बॅटरी दुकानातच द्या. शिशाचे पैसे बिलातून वजा होतात. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

माझी क्लासिक काल सकाळी उभ्याने १२.५ दाखवत होती. सेल्फ दाबला तर ९.४. इंजिन सुरू झालं, हो. पण ताम्हिणी घाटात सुरू होईलच याची पैज मी लावणार नाही.